दाराजवळच्या बशीतलं शिसं

पास्कल,

काल फोनवर नाओमीने विचारलं, "आजी, आजो बेल्टला स्टोन्स का बांधायचा?" मी म्हटलं, "स्टोन्स नाही गं, शिसं." आपल्या नातीला शिसं हा शब्द माहीत नव्हता. मागून एथनचा आवाज आला, "लेड." मग खुर्ची सरकली आणि दार लागलं.

तुझा नातू बोलत नाही, पास्कल. आपला रॉनी सांगतो, पोरगं कॉलेजला जातं, वेळेवर जेवतं, पण घरात तुझं नाव निघालं की उठून जातं. बहीण हसवायला गेली तरी हसत नाही. शेवटी एकदा आईजवळ म्हणाला, "जड घे असं मीच त्याला सांगितलं होतं." त्यापुढे काही नाही. एवढ्या एका वाक्यावर तो टेक्सासमध्ये बसून आहे, आणि मी इथे मस्कतला, दार्सैतच्या फ्लॅटमध्ये तुझे शर्ट घड्या करते आहे.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुला ठाऊक असलेलंच तुला सांगणार आहे, पण कान त्याचे आहेत हे तू समजून घे. मराठीत लिहिते, कारण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवूनही तुझ्याशी मला कधी इंग्रजीत भांडता आलं नाही. रॉनी वाचून दाखवेल. मुलं अडतील तिथे अडू देत, रॉनीने अर्थ सांगावा. घाई नाही.

तुझा जन्म कधी, नोकरी कुठे, कोणत्या साली मस्कतला आलास, हे सगळं चर्चच्या पत्रकात छापून आलं आहे. त्यात एक चूकही आहे, पण ती मी दुरुस्त करायला सांगितली नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "जेन, आता तरी सोड." सोडली.

हे सगळं सुरू झालं ते बस्त्यावभाऊजी गेल्यावर. तुझे मोठे भाऊ वसईच्या वाडीत एकटे राहत होते तोवर आपल्याला तिकडची काळजी नव्हती. ते गेले, घराला कुलूप लागलं आणि सहा महिन्यांत कोणीतरी विहिरीकडची केळ आडवी केली. चोरी नव्हती, घड तसेच टाकून दिले होते. तू सुट्टीवर गेलास, तेव्हा जागेवर डोळा असलेला एक मोटरसायकलवाला मुलगा फाटकाशी आला. गाडी बंदसुद्धा न करता म्हणाला, "काका, मस्कतलाच बरं वाटत असेल ना? या वयात इथली हवा मानवत नाही माणसाला."

तू परत आलास तो हे वाक्य घेऊनच. जेवताना, दाढी करताना, चर्चला जाताना टॅक्सीत, तू ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचास. मी हसले नाही तर पुन्हा म्हणायचास. आणि मग एका शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर बूट काढता काढता सांगितलंस, की तू तिकडे परवान्याचा अर्ज देऊन आला आहेस. निवृत्त झाल्यावर वाडीत राहायचं, आणि कमरेला रिव्हॉल्व्हर ठेवायचं. कपाटात नाही. रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत.

मी म्हटलं, "ती वस्तू घरात आली तर मी रॉनीकडे जाईन."

तू म्हणालास, "बघू."

आपल्या संसारातले निम्मे निर्णय तुझ्या या 'बघू'ने झाले आहेत.

मी विरोधात होते आणि आहे. पण अर्धवट माहितीवर काही करणं मला सहन होत नाही, मग करायची ती चूक का असेना. म्हणून तू एथनला व्हिडिओवर बोलावलंस तेव्हा मी उठून गेले नाही. भाजी निवडत शेजारी बसले. त्याचा बाप घरात बंदूक ठेवतो, तो स्वतः नेमबाजीला जातो, त्यामुळे हा तुझा सल्लागार. किती छान बोलत होतात दोघं! तू मोडक्या इंग्रजीत, तो मोडक्या मराठीत.

"आजो, स्मॉल असतं ना, ते पॉकेटसाठी. लपतं. पण हातात जंप मारतं. तुझी बोटं दुखतात ना?"

"दुखतात रे. सकाळी मूठ वळत नाही."

"मग मिडियम फ्रेम घे. थोडं जड असतं, म्हणून कमी उडतं. ग्रिप मोठी, हातात बसते. आणि सिक्स राउंड्स. स्मॉलमध्ये फाइव्ह."

"अरे, पण दिसेल ना शर्टातून?"

"तू तसेही तंबूसारखे शर्ट घालतोस," मी मध्येच म्हटलं, आणि तिकडे तो पोटभर हसला. तसा हसलेला तो मला हवा आहे.

त्याने तुला हेही सांगितलं, की पट्टा चांगला जाड हवा, नाहीतर पँट घसरते. की रिव्हॉल्व्हर साधं असतं, एखादं काडतूस उडालं नाही तर चाप पुन्हा ओढायचा. आणि शेवटी म्हणाला, "पण आजो, आधी बांधून बघ. लोक विकत घेतात आणि मग ड्रॉवरमध्ये ठेवतात. रोज कॅरी करायला जमतं का बघ."

ओमानमध्ये तू काय बांधून बघणार? इथे आपल्यासारख्याने असं काही जवळ ठेवायचा विचारही करायचा नाही. पण तू तुझ्या अर्बाबच्या, ओमानी मालकाच्या, दुकानात आयुष्य काढलं होतंस. मत्रामधलं ते दुकान, दोर, जाळी, गळ आणि जाळ्यांना लावायच्या शिशाने भरलेलं. एका संध्याकाळी तू जाड शिडाच्या कापडाची एक पिशवी घेऊन आलास, स्वतः शिवलेली, दुहेरी टाक्याची, पट्ट्यात ओवता येईल अशी. आत शिसं. मला म्हणालास, "तुझा तो किचनचा काटा दे."

छोट्या बांध्याच्या रिव्हॉल्व्हरइतकं वजन तू आधी भरलंस. मी टेबलापाशी उभी होते. मी विचारलं, "हे रिकाम्याचं वजन की भरलेल्याचं?"

तू माझ्याकडे बघितलंस.

"काडतुसांनाही वजन असतं, पास्कल. रोज बाळगणार ते भरलेलं बाळगणार ना? मग तुझा प्रयोग खोटा आहे."

विरोध करणाऱ्या बाईने असं बोलू नये हे मला तेव्हाही कळत होतं. तू काडतुसांच्या जागी वेगळ्या लहान गोळ्या मोजल्यास, त्या रुमालात बांधून पिशवीत टाकल्यास, आणि मग काटा पुन्हा बघितलास.

छोटं तू आठवडाभर बांधलंस. दार्सैतहून मत्राला सकाळी चालत, संध्याकाळी टॅक्सीने परत. मासळीबाजारात, चर्चमध्ये गुडघे टेकताना, सुपरमार्केटमध्ये. तिथल्या मल्याळी सिक्युरिटीने एकदा विचारलं, "अंकल, अंदर क्या है?" तू म्हणालास, "मेडिसिन." घरी येऊन मला सांगताना तू खूश होतास, आणि मी दिवसभर धास्तावलेली होते, त्याने उघडायला लावलं असतं तर काय सांगितलं असतंस म्हणून. तू म्हणालास, "शिसं म्हणून सांगितलं असतं. शिसंच आहे."

आणि मग तो दिवस आला, जो एथनने नीट ऐकावा असं मला वाटतं.

तू दुकानातून आलास, हातपाय धुतलेस, जेवलास, आडवा झालास, आणि झोपता झोपता एकदम उठून बसलास. पिशवी कमरेलाच होती. तू ती विसरला होतास. दिवसभर बांधून हिंडला होतास आणि तुला तिची आठवणच राहिली नव्हती. मला वाटलं, आता म्हणशील, बघ, किती सोयीचं आहे! तू पिशवी सोडलीस, हातात धरलीस आणि म्हणालास, "जेन, हे बरोबर नाही. छोट्याचा विसर पडतो. अशा वस्तूचा विसर पडता कामा नये."

दुसऱ्या दिवशी तू मध्यम भरलंस.

ऐकतोयस ना, एथन? तू बोटांसाठी सांगितलं होतंस. ते त्याने ऐकलंही. पण जड घेतलं ते त्याच्या स्वतःच्या कारणासाठी. कमरेला टोचावं, पँट ओढली जावी, बसताना आठवावं, वाकताना आठवावं, म्हणून.

मी तेव्हा तुला म्हटलं होतं, "विसरता कामा नये अशी वस्तू घरात आणायचीच कशाला?" तू उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर अजून यायचं आहे.

पण त्या दिवसापासून तू एक केलंस. दाराजवळच्या फडताळावर, जिथे आपण किल्ल्या टाकतो, तिथे तू माझ्या जुन्या सेटमधली, कडा उडालेली एक बशी आणून ठेवलीस. घरात आलास की आधी रुमाल सोडायचा आणि सहाही गोळ्या त्या बशीत टाकायच्या. मग चपला. मी पहिल्या दिवशी विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालास, "तू ज्या घरात आहेस तिथे भरलेलं येणार नाही. तिकडेही असंच."

मी त्यावर फक्त एवढंच म्हणाले, "शिशाला हात लावलास, हात धू."

आणि मग ते रोजचंच झालं. सगळी संध्याकाळ त्यावर ठरलेली. कृष्णमंदिराकडून घंटा ऐकू यायची, जिन्यात तुझा खोकला, मग बशीत टक टक टक, सहा वेळा. मी स्वयंपाकघरातून, "हात धू!" तू, "धुतो गं बाई!" आणि नळ. तू धुवायचास की नुसता नळ सोडायचास याची मला खात्री नाही.

तुझा अर्बाब एकदा ईदच्या सुमारास भेटला, अंगावर सगळा थाट, कमरेला चांदीचा खंजीर. त्याला पिशवीचं सगळं ठाऊक होतं, दुकानातलंच शिसं. तो मला म्हणाला, "मदाम, हमारा खंजर देखो, इधर सामने, पेट के ऊपर. सब देखता है. ये पास्कल छुपा के बांधता है. छुपा के बांधता है तो डर है."

तू हसत म्हणालास, "डर तो है, अर्बाब."

ते तू मला कधी बोलला नव्हतास. त्याला बोललास, भर रस्त्यात, हसत. मला वाटायचं, तुला राग आला आहे. केळ आडवी केली म्हणून, त्या मुलाच्या बोलण्याचा, मोटरसायकल बंद न केल्याचा राग. तू भ्यायला होतास. आणि भ्यायलेल्या माणसाला मी वजनाचा हिशेब शिकवत होते. पण तेही बरंच झालं असं आता वाटतं. तुझ्याबरोबर त्या काट्याशी कोणीतरी उभं होतं.

तू दुकानात पडलास. दोराचं भेंडोळं उतरवत होतास. अर्बाबने स्वतः गाडी काढली. मला फोन आला तो त्याचाच. "मदाम, जल्दी आओ," आणि पुढे तो अरबीत बोलायला लागला तेव्हा मला कळलं.

हॉस्पिटलमध्ये नर्सने एका पारदर्शक पिशवीत तुझं घड्याळ, चष्मा आणि रोझरी दिली. आणि दुसऱ्या हाताने ती शिडाच्या कापडाची पिशवी, जरा लांब धरून. "आंटी, ये क्या है? बहुत हेवी है." अर्बाब शेजारी डोळे पुसत उभा होता. तो म्हणाला, "ये इसका बंदूक है." ती पोरगी दोन पावलं मागे सरली. मग त्याला समजलं आपण काय बोललो ते, आणि तो घाईने म्हणायला लागला, "नहीं नहीं, बंदूक नहीं, मच्छी का, मच्छी का!" आणि पास्कल, मी हसले. तू आत होतास आणि मी बाहेर हसले. असं हसू कुणाला न येवो.

मग मी डॉक्टरांना विचारलं. कमरेला एवढं वजन बांधून माणूस रोज चालत होता, त्यामुळे झालं का? ते म्हणाले, नाही. हृदयाच्या नळ्या आधीपासूनच बंद होत आल्या होत्या, कित्येक वर्षांपासून. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले आणि मला बसायला सांगितलं. मी शाळेत उत्तरं तपासण्यात आयुष्य घालवलं आहे. माणूस नुसतं समाधान करायला बोलतो तेव्हा मला कळतं. हे डॉक्टर तसं बोलत नव्हते.

तुला वसईला नेलं. रॉनी आला, मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून ती आली नाहीत. मला ते तेव्हा बरंच वाटलं होतं. आता वाटतं, एथनने शवपेटीला खांदा द्यायला हवा होता. खरं वजन काय ते त्याला कळलं असतं.

चर्चच्या आवारात तो मोटरसायकलवाला आला होता. पांढरा शर्ट, हात जोडलेले. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तू त्याचा आवाज इतक्यांदा काढला होतास, की त्याने तोंड उघडताच मी ओळखलं.

"काकी, फार वाईट झालं. काका देवमाणूस. काही लागलं तर हक्काने सांगा. वाडीचं काय ते बघू आपण निवांत."

रॉनी फादरांशी बोलत होता. माझ्याजवळ कुणी नव्हतं. तुझी पिशवी माझ्या पर्समध्ये होती. हॉस्पिटलमधून आल्यापासून ती तिथेच राहिली होती, बाहेर काढून ठेवायला जागाच सुचली नव्हती. विमानतळावर ती बॅग उघडून बघितली तेव्हाही मी म्हटलं होतं, नवऱ्याचं शिसं, आणि त्यांनी जाऊ दिलं होतं.

तो बोलत होता तेव्हा माझा हात पर्समध्ये गेला. मी नेला नाही, तो गेला. आणि मी ती पिशवी मुठीत घट्ट धरली. कापडातून शिसं गार लागत होतं. मला कुणाला काही करायचं नव्हतं, करायला त्यात काही नव्हतंही. मला नुसतं काहीतरी जड धरायचं होतं. मी म्हटलं, "मिस्सा सुरू होते आहे. बाजूला व्हा." तो बाजूला झाला.

तेवढ्याने काही सुटलं नाही. वाडीला कुलूप आहे, तो तिथेच आहे, तुझा परवाना आला तरी घेणारं कुणी नाही. रॉनी म्हणतो विकून टाकू. मी म्हणते बघू. तुझा शब्द आता मला वापरावा लागतो.

पण तुझं उत्तर मला तिथे अर्धं मिळालं. कशाला आणायची ती वस्तू, या प्रश्नाचं. अर्धंच. दुसरं अर्धं अजूनही माझ्या बाजूने आहे, आणि तू असतास तर मी ते तुझ्याशी भांडले असते. खरं रिव्हॉल्व्हर असतं तर हात पर्समध्ये गेल्यावर पुढे काय, हे मला तुला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

परत मस्कतला आले. इथलं घर आवरायचं आहे. तुझे कपडे वादी अदाईतल्या कामगारांच्या खोल्यांवर द्यायचे ठरवले आहेत, तंबूसारखे शर्ट कुणालाही होतील. अर्बाब येऊन गेला, बराच वेळ तुझ्या खुर्चीसमोर बसला, चहा घेतला नाही.

आणि एथन रोज उठून जातो हे ऐकलं, तेव्हा मी एक ठरवलं. डॉक्टर नाही म्हणाले हे त्याला रॉनीने सांगितलं होतं, त्याने त्याचं समाधान झालं नाही. डॉक्टरांचं म्हणणं ऐकून माझंही आतून पूर्ण झालं नव्हतं. म्हणून मी तुझा पट्टा माझ्या मापाला भोकं पाडून घेतला. मोच्याने विचारलं नाही कशाला. पिशवी ओवली, सहा गोळ्या रुमालात बांधून आत टाकल्या, वर तुझा शर्ट घातला आणि सकाळी उन्हाआधी निघाले. दार्सैतहून मत्राला, तुझ्याच वाटेने. मी तुझ्याहून लहान चणीची, गुडघे दुखणारी, तुझ्याच वयाची बाई आहे. दुकानापर्यंत गेले. अर्बाबने मला त्या शर्टात बघितलं आणि खुर्ची पुढे केली. टॅक्सीने परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

एथन, कमरेचं हाड दुखतं. पँट खाली ओढली जाते, हे तू तुझ्या आजोला सांगितलं होतंसच. घाम येतो तिथे पुरळ उठतं. बसताना, वाकताना, जिना चढताना त्याची आठवण राहते, एक क्षणही विसर पडत नाही. एवढंच होतं. याने माणूस मरत नाही. मी बांधून बघितलं आहे.

पास्कल, ही पिशवी त्याला हवी असेल तर मी त्याला पाठवीन, रिकामी. शिसं अर्बाबच्या डब्यात परत जाईल. पण आज नको. आज संध्याकाळी मी बाहेरून आले, मंदिराची घंटा वाजत होती. रुमाल सोडला आणि सहाही गोळ्या बशीत टाकल्या. टक टक टक. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. मी चपला काढल्या.

मग आत जाऊन हात धुतले.

जेन